दोन खोल्या आणि अकरा महिने

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेहावर एक, हृदयविकारावर एक आणि युरोपच्या प्रवासावर एक असे लेख ठरलेले असतात. उरलेली जागा जाहिराती आणि आपल्या कविता भरून काढतात. यंदा संपादकांचा फोन आला, ‘‘डॉक्टरसाहेब, कोजागरीला गच्चीवर तुम्ही तरुण मंडळींना भाड्याच्या घराविषयी जे सांगत बसला होता, तेच लिहून द्या.’’ मी म्हणालो, ‘‘अहो, मी जनरल प्रॅक्टिशनर माणूस. अर्थतज्ज्ञ नव्हे.’’ ते म्हणाले, ‘‘म्हणूनच.’’

माझी एकूण मालमत्ता प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. राहते घर सोडून माझ्या नावावर आज दोन खोल्यांचा एक जुना फ्लॅट आहे आणि तो भाड्याने दिलेला आहे. मध्यंतरी एक दुकानही होते. ते तोट्यात विकले. एवढ्या भांडवलावर कोणी मला गुंतवणूकदार म्हणेल असे वाटत नाही. परंतु २००४ पासून या फ्लॅटच्या प्रत्येक रुपयाची नोंद मी एका वहीत ठेवली आहे, आणि ती वही हाच या लेखाचा आधार.

आपल्या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य आपण सारेच जाणतो, पण त्यावर फारसे बोलत नाही. खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही. दवाखान्याचे दार उघडले तर गल्ल्यात पैसे पडतात. दार बंद, तर गल्ला बंद. चाळिशी उलटली की प्रत्येकाच्या मनात हा विचार डोकावतो आणि ‘काहीतरी भाडे येत राहावे’ अशी इच्छा उत्पन्न होते. इच्छा रास्त आहे. ती पुरी करण्याच्या घाईत मात्र आपण पुष्कळदा नेमके उलटे करून बसतो. मीही तेच केले, ते पुढे येईलच.

भाडेकरू या शब्दाची मला लहानपणापासून धास्ती होती. जुनी इंदूरमध्ये आमच्या आजोबांचा वाडा होता. खाली चार बिऱ्हाडे, भाडे महिना चौदा रुपये. माझे शिक्षण संपून मी महात्मा गांधी मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलो तेव्हाही भाडे चौदाच होते आणि पावसाळ्यात गळणाऱ्या छपराची दुरुस्ती मात्र दरवर्षी वडिलांच्या माथी. त्यांनी स्वतःच्या गरजेसाठी दोन खोल्या मागितल्या आणि मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ याखाली दावा लावला. तारखा पडत गेल्या. वडील निवृत्त झाले, मग आजारी पडले, आणि दावा चालू असतानाच गेले. शेवटच्या काळात ते मला म्हणत, ‘‘काहीही कर, पण घरात भाडेकरू घालू नकोस.’’ गंमत अशी की त्या चार बिऱ्हाडांपैकी एका काकूंनीच माझी मुंज होईपर्यंत मला जवळजवळ सांभाळले होते. कोर्टात समोरासमोर उभे राहिल्यावरही वडील त्यांना ‘वहिनी’च म्हणत.

त्यामुळे २००४ साली आमच्या सौभाग्यवतींनी जेव्हा सुचवले, ‘‘अहो, सगळी शिल्लक मुदतठेवीत घालण्यापेक्षा एखादा छोटा फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ या,’’ तेव्हा मी चक्क रागावलो होतो. त्या बँकेत नोकरीला होत्या. आकडे त्यांना माझ्यापेक्षा बरे कळत. त्यांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, ‘‘वाडा तुम्हाला वारशाने मिळालेला होता, भाडेकरूंसकट. इथे घरही आपण निवडू आणि माणूसही आपणच निवडू.’’

आम्ही भंवरकुव्याच्या बाजूला पाहायला सुरुवात केली. विद्यापीठ जवळ आणि स्पर्धापरीक्षांचे कोचिंग वर्ग त्या भागात वाढू लागलेले. खरगोन, बडवानी, धार, झाबुआ इकडची मुले-मुली खोल्या शोधत हिंडत असत. दलालाने दाखवलेला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, ५२० चौरस फूट. किंमत ५ लाख २० हजार. दलाल म्हणाला, ‘‘डॉक्टर साहब, साढ़े तीन हज़ार किराया तो आँख मूँद के आएगा. आठ टका पड़ गया आपको!’’ मी मनात गुणाकार केला : ३,५०० गुणिले १२, म्हणजे ४२ हजार. ५ लाख २० हजारांवर खरोखरच आठ टक्के. मी खूष.

सौ.नी घरी येऊन वहीचे पहिले पान उघडले. रजिस्ट्री, मुद्रांक आणि वकील मिळून ६० हजार. नळ, वायरिंग, रंग आणि स्वयंपाकघराचा ओटा यांना २५ हजार. म्हणजे घर पडले ६ लाख ५ हजारांना. त्यातले साडेतीन लाख कर्ज, बाकी आमची शिल्लक. पहिल्या वर्षाअखेरीस तेच पान असे दिसत होते : भाडेकरू मिळण्यापूर्वी दोन महिने घर रिकामे, ७ हजार गेले. दलालाला एका महिन्याचे भाडे, साडेतीन हजार. सोसायटीचा देखभाल खर्च ३,६००. नगर निगमचा संपत्तीकर १,४००. मोटर जळली, संडासाची टाकी गळली, त्याचे ४,५००. हे सारे मिळून वीस हजार वजा होतात आणि ४२ हजारांचे २२ हजार उरतात. ६ लाख ५ हजारांवर २२ हजार म्हणजे साडेतीन टक्क्यांहून किंचित अधिक. दलालाचे आठ टक्के पहिल्याच वर्षात अर्ध्याहून खाली आले. तिकडे कर्जाचा हप्ता दरमहा ३,३४५ रुपये, म्हणजे वर्षाला ४० हजारांवर. थोडक्यात, ते घर मला पोसत नव्हते. दरमहा दीड हजार रुपये घालून मीच त्याला पोसत होतो.

हा हिशेब मी एवढ्या तपशिलाने देण्याचे कारण असे की, आजही नवा माणूस पहिली चूक येथेच करतो. तो भाडे आणि दलालाने सांगितलेली किंमत यांचा भागाकार करतो. वास्तविक वरच्या आकड्यात रिकामे महिने, कर, दुरुस्ती आणि दलाली वजा करायला हवी आणि खालच्या आकड्यात रजिस्ट्री व डागडुजी मिळवायला हवी. रुग्णाचा ताप काखेत मोजला की तोंडात, हे आपण विचारतोच ना? येथेही कोणता आकडा कोणत्या आकड्याने भागला, ते विचारावे. आपल्या गावात राहत्या घराचे निव्वळ भाडे घराच्या किमतीच्या तीन-चार टक्क्यांच्या आसपास पडत असेल तर ते सामान्यच समजावे. उरलेला लाभ किंमत वाढण्यातून यायचा, आणि तो कधी येईल हे कोणाच्या हाती नाही.

तरीही तो फ्लॅट घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. दीड हजारांचा खड्डा दवाखान्याच्या मिळकतीत सहज भरत होता, आणि भाडे वाढत गेले तसा तो चारपाच वर्षांत बुजलाही. घर माझ्या दवाखान्यापासून स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर होते. याचे महत्त्व मला नंतर समजले. नळ तुटला, शेजाऱ्याने भिंतीत ओल आल्याची तक्रार केली, विजेचा मीटर बदलायचा आहे, अशा वेळी मालकाने जाऊन उभे राहणे हे निम्मे काम असते. पुण्यात किंवा नोएडात घर घेऊन इंदुरातून ते सांभाळणाऱ्या मित्रांचे हाल मी पाहिले आहेत. एकाला तर वर्षभर कळलेच नाही की त्याच्या फ्लॅटमध्ये करारातला माणूस राहत नसून त्याचा मेहुणा राहतो आहे.

घर पाहताना आम्ही आणखी एक केले, आणि ते सौ.चे डोके. आम्ही तेथे तीन वेळा गेलो : एकदा दुपारी, एकदा रात्री नऊनंतर, आणि एकदा पहाटे नळाच्या वेळी. इंदुरात भाडेकरूचा पहिला प्रश्न ‘नर्मदा है या बोरिंग?’ हा असतो, हे आपल्याला सांगायला नको. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड का होईना, पण येत असेल तर घर रिकामे राहत नाही. बोअरिंग मे महिन्यात आटत असेल तर मे महिन्यातच भाडेकरू जातो. कागदपत्रांतही आपल्या शहराचे स्वतःचे काही रोग आहेत. जमिनीचे डायव्हर्शन झाले आहे काय, नकाशा मंजूर आहे काय, कॉलनी वैध आहे की अवैध, गृहनिर्माण संस्थेचा भूखंड असेल तर त्याच भूखंडाची आणखी कोणाच्या नावे रजिस्ट्री झालेली नाही ना, हे चांगल्या वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये. वकिलाची फी वाचवणारा खरेदीदार हा तपासण्या न करता शस्त्रक्रियेला बसणाऱ्या रुग्णासारखा असतो. नवी इमारत असेल तर ‘रेरा’कडे प्रकल्पाची नोंदणी आहे की नाही, हे आता घरबसल्या पाहता येते. आमच्या वेळी ही सोय नव्हती.

येथून पुढचा भाग लिहिणे मला जरा जड जाते.

२००८ साली माझा व्यवसाय जोरात होता. चार वर्षे फ्लॅट सुरळीत चालल्यामुळे मला स्वतःविषयी काही समज झाले होते. एका व्यापारी संकुलातील दुकानाची जाहिरात आली. बांधकाम चालू होते, किंमत १४ लाख. बांधणाऱ्याने सांगितले की दोन वर्षांत ताबा, आणि मोठ्या दुकानांची साखळी खालचा मजला घेणार आहे, तेव्हा तुमचे भाडे आपोआप वीस हजारांवर जाईल. सौ. म्हणाल्या, ‘‘पहिल्या पानासारखे एक पान या दुकानाचेही करू.’’ मी म्हणालो, ‘‘प्रत्येक वेळी काय वही घेऊन बसायचे?’’ १० लाख कर्ज काढले. हप्ता बसला ११,३६६ रुपये. मोठ्या दुकानांची साखळी आली नाही. ताबा मिळाला, पण दुकान सोळा महिने रिकामे. त्या मजल्यावर संध्याकाळी दिवेसुद्धा लागत नसत.

जुलै २०११ मध्ये पलासिया चौकात पावसात माझी स्कूटर घसरली आणि डाव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. दवाखाना अकरा आठवडे बंद. आपण ज्यासाठी मालमत्ता घेतो तो प्रसंग हाच : हात थांबला आहे, आता भाड्याने घर चालावे. आणि माझी स्थिती काय? मिळकत शून्य, दुकानाचा हप्ता दरमहा ११,३६६, कंपाउंडरचा पगार, मुलीची फी. ज्या आजारावर औषध म्हणून दुकान घेतले होते, त्याच आजारात त्या दुकानाने माझा गळा धरला. सौ.नी मुलीच्या नावाची मुदतठेव मोडली. ती मोडताना त्यांनी मला एका शब्दानेही टोचले नाही, याचे मला आजही ओझे वाटते.

त्या दिवसांत फ्लॅटमध्ये खरगोनचे एक मास्तर आपल्या आईसह राहत होते. भाडे साडेपाच हजार. दरमहा पाच तारखेला ते दवाखान्यात येऊन पाकीट देत. ऑगस्टच्या पाच तारखेला दवाखान्याला कुलूप पाहून त्यांनी शेजारच्या औषधवाल्याकडे चौकशी केली आणि थेट घरी आले. पाकिटात दोन महिन्यांचे भाडे होते. म्हणाले, ‘‘सर, अगले महीने का भी रख लीजिए, अभी काम आएगा.’’ सोबत त्यांच्या आईने डब्यात दलियाची खिचडी दिली होती. मी पलंगावर पाय टांगून पडलेलो. मला काय बोलावे ते सुचेना. वडिलांचा वाडा, तो दावा, चौदा रुपये, सारे डोळ्यांपुढून गेले. पुढे मास्तरांची बदली झाली तेव्हा अनामत रक्कम परत करताना मी रंगाचे पैसेही कापले नाहीत. सौ. म्हणाल्या, ‘‘हे वहीत कोणत्या खात्यावर लिहू?’’

दुकान २०१३ मध्ये साडेबारा लाखांना विकले. त्यात व्याजासकट किती बुडाले, याचा हिशेब मी आजतागायत पूर्ण केलेला नाही. वहीतले ते पान अर्धेच आहे.

या दोन अनुभवांतून माझा जो काही नियम बनला तो असा : घर कितीही चांगले असो, ते पूर्ण सहा महिने रिकामे राहिले आणि त्याच सहा महिन्यांत माझा दवाखानाही बंद राहिला, तरी हप्ता भरता यावा एवढी रक्कम वेगळ्या ठेवीत बाजूला असल्याखेरीज कर्ज काढायचे नाही. बँक आपल्याला किती कर्ज देईल हा प्रश्नच वेगळा. डॉक्टर म्हटले की बँका हात सैल सोडतात.

आता अकरा महिन्यांविषयी. पुष्कळांची समजूत असते की अकरा महिन्यांचा करार केला की बाराव्या महिन्यात भाडेकरू आपोआप बाहेर. तसे नाही. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी आवश्यक असते, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबतात. त्या आकड्यात याहून मोठी जादू नाही. मुदत संपल्यावरही माणूस जात नसेल तर मार्ग कोर्टाचाच. म्हणून खरे संरक्षण माणूस निवडण्यात आहे आणि कागद वेळच्या वेळी नवा करण्यात आहे. मी दर अकरा महिन्यांनी नवा करार करतो, भाड्यात पाच टक्के वाढ आधीच लिहून ठेवतो, अनामत दोन महिन्यांची घेतो आणि भाडे बँकेतच घेतो. विजेचा सब-मीटर वेगळा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देतो. यात आळस करणाऱ्यांना पुढे फार मनस्ताप होतो. ताबा देताना पंखे, गीझर, खिडक्यांच्या काचा यांचे मोबाईलवर फोटो काढून दोघांच्याही फोनमध्ये ठेवतो. गेल्या काही वर्षांत अनामतीवरून वाद झालेला नाही, त्याचे श्रेय या फोटोंना.

भाडेकरूची जात, धर्म, प्रांत, शाकाहार यांची चौकशी करणारे मालक आपल्यात पुष्कळ आहेत. मी त्याऐवजी एकच विचारतो : मागचे घर का सोडले, आणि शक्य तर मागच्या मालकाशी बोलतो. आपण रुग्णाला ‘यापूर्वी कोणते औषध चालू होते’ असे विचारतो, त्यातलाच प्रकार.

आयकराच्या बाबतीत एक सोय नव्या मालकांना ठाऊक नसते. भाड्यातून तुम्ही स्वतः भरलेला संपत्तीकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग तुम्ही दुरुस्तीवर दमडी खर्च केली असो वा नसो. त्याउपर कर्जाचे व्याज. मात्र व्याज भाड्याहून अधिक झाले तर तो तोटा दवाखान्याच्या उत्पन्नातून वजा करण्याची मुभा जुन्या करपद्धतीत दोन लाखांपर्यंत आहे. नव्या पद्धतीत ती नाही. ‘कर वाचेल’ म्हणून घर घेणाऱ्यांनी आपण कोणत्या पद्धतीत आहोत हे आधी पाहावे.

दुकान भाड्याने देऊ पाहणाऱ्या सहकाऱ्यांना तर एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या आरोग्यसेवेवर वस्तू व सेवा कर नाही. राहण्यासाठी कुटुंबाला दिलेल्या घराच्या भाड्यावरही नाही. परंतु दुकानाचे वा कार्यालयाचे भाडे करपात्र आहे आणि त्यावर दर १८ टक्के. ‘माझे दुकानाचे भाडे वर्षाला जेमतेम चार लाख, नोंदणीची मर्यादा तर वीस लाख’ असे म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण ही वीस लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त सेवेची उलाढालही धरावी लागते. म्हणजे दवाखान्याचे सतरा लाख आणि दुकानाचे चार लाख, की झाले एकवीस. माझ्या एका मित्राला हे नोटीस आल्यावर कळले. दुकानाची बोलणी करण्यापूर्वी सनदी लेखापालाला हा एक प्रश्न अवश्य विचारा.

भाड्याचा आणखी एक प्रकार आपल्या व्यवसायात आहे. त्याविषयी लिहिले तर काही मंडळी नाराज होतील, होवोत. दवाखान्याशेजारची आपली खोली एखादी प्रयोगशाळा किंवा औषधविक्रेता बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट भाड्याने घ्यायला तयार होतो. २०१३ मध्ये मलाही असे विचारले गेले होते, आणि दुकानाच्या तोट्यानंतर तो मोह लहान नव्हता. आठ हजारांच्या खोलीला बावीस हजार देणारा माणूस खोलीचे भाडे आठ हजारच देत असतो. वरचे चौदा हजार तुमच्या चिठ्ठ्यांचे असतात. रुग्ण पाठवण्याबद्दल मोबदला घेणे २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध केले आहे, आणि त्याला भाडेचिठ्ठी जोडली म्हणून त्याचे स्वरूप पालटत नाही. तेथे भाडे बाजारभावाचेच असावे आणि ‘तपासणी कोठेही करा’ हे वाक्य चिठ्ठीवर छापलेले असावे.

मार्च २०२० मध्ये फ्लॅटमध्ये लोकसेवा परीक्षेची तयारी करणारी दोन मुले होती, सेंधव्याकडची. होळीला घरी गेली आणि टाळेबंदीत तिकडेच अडकली. पुस्तके, कुकर, गॅसची शेगडी, भिंतीवर लावलेले नकाशे, सारे इकडे. एप्रिलपासून भाडे बंद. कुलूप माझे नव्हते, सामान माझे नव्हते, घर मात्र माझे. कोणी सल्ला दिला, सामान बाहेर काढून घर मोकळे करा. पण त्या दिवसांत नवा भाडेकरू तरी कोठून यायचा? कोचिंग वर्गांना टाळे, रस्ते ओस. आम्ही दोघांनी बसून ठरवले की चार महिन्यांचे भाडे सोडायचे, पुढच्याचे अर्धे घ्यायचे. सप्टेंबरात एका मुलाचे वडील आले, शेतकरी माणूस. पिशवीतून नोटा काढून मोजू लागले. त्यांना वाटले होते पूर्ण सहा महिन्यांचे द्यावे लागेल. मी रक्कम सांगितली तेव्हा ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. घर त्यानंतर पंधरा महिने रिकामे राहिले. कर्ज २०१९ मध्येच फिटले होते म्हणून मी हे औदार्य दाखवू शकलो, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. हप्ता चालू असता तर मी त्या शेतकऱ्याशी कसा वागलो असतो, सांगता येत नाही.

आज त्या फ्लॅटला महिना ८,५०० रुपये भाडे येते. विकायला काढला तर २६ लाखांपर्यंत जाईल असे दलाल सांगतो. दलालाचा आकडा आहे, त्यातून थोडे वजा करून घ्यावे. तो जसाच्या तसा धरला तरी ६ लाख ५ हजारांवर २१ वर्षांत ही वाढ चक्रवाढीने वर्षाला सात टक्क्यांच्या किंचित वर जाते, शिवाय भाडे. फार थोर नाही, वाईटही नाही. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीतही मी पैसे घातले होते, त्यांनी दुसऱ्या मजल्यावर चढण्याचे कष्ट न देता जवळपास तेवढीच वाढ दिली. तरीही आता सत्तरीच्या घरात दवाखाना एकाच वेळचा केल्यावर पाच तारखेला बँकेचा संदेश येतो तेव्हा बरे वाटते. महागाईबरोबर भाडे वाढते, ठेवीचे व्याज वाढत नाही.

गेल्या दिवाळीत आपल्या मंडळातील एक तरुण दांपत्य घरी आले होते. तो अस्थिरोगतज्ज्ञ, ती भूलतज्ज्ञ. हातात चकचकीत पुस्तिका : बायपासच्या पलीकडे तीन स्टुडिओ फ्लॅट, तिन्ही कर्जावर, आणि बांधणाऱ्याकडून तीन वर्षे ‘खात्रीचे भाडे’. मुलगा म्हणाला, ‘‘काका, भाडेकरू शोधायची कटकटच नाही.’’ मी विचारले, चौथ्या वर्षी भाडे कोण देणार? आणि शेजारच्या इमारतीत तेवढ्याच आकाराचे घर काय भावाने मिळते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने फोन करून तेथेच मिळवले. फरक पाहिल्यावर तिच्याच लक्षात आले की तीन वर्षांचे भाडे आपल्याच किमतीत आधी मिळवून ठेवलेले आहे. मी वही काढली. सौ.नी चहा ठेवला आणि दुकानाचे ते अर्धे पान स्वतःच उघडून तिच्यापुढे ठेवले. मी ते कोणाला दाखवत नसे.

तीन स्टुडिओ रद्द झाले. आता ती दोघे सुदामानगरात दोन खोल्यांचे एक जुने घर पाहत आहेत. घर तिच्या रुग्णालयापासून जवळ आहे आणि कर्ज निम्म्याहून कमी लागेल. विक्रेत्याचा मुलगा अमेरिकेत असून घर त्याच्या नावावर आहे, तेव्हा अनिवासी विक्रेत्याच्या करकपातीचे नियम वेगळे असतात, ते आधी लेखापालाला विचारा, असे मी सांगितले आहे. दुपारी आणि रात्री जाऊन झाले आहे. नळ गुरुवारी पहाटे पाच वाजता येतो असे चौकीदार म्हणतो. गुरुवारी दोघे जाणार आहेत, आणि सौ. म्हणतात, आपणही जाऊ.